वर पोचलेला बर्फ

ताई, तुम्ही चुकलात.

हे वाक्य तुमच्या तोंडावर मला कधी म्हणता आलं नाही, म्हणून आज सगळ्यात आधी तेच लिहिते. नंतर लिहू म्हटलं तर धीर होणार नाही. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. चांगलं बोलायला माझ्याकडे पुष्कळ आहे, तेही येईल. पण हे आधी.

तुमच्या शोकसभेला मी आले होते. डोंबिवलीतला तो वरच्या मजल्यावरचा हॉल. खुर्च्या कमी पडल्या, मी भिंतीला टेकून उभी होते. आपल्या मंडळातल्या एकेकजणी बोलल्या. बहुतेकींनी हेच म्हटलं, की मंदाताईंनी आम्हाला डोंगर दाखवला. मग मंडळातल्याच शिल्पाने माईक माझ्यापुढे धरला. "कमलताई, दोन शब्द बोला ना." माझं तुम्हाला माहीतच आहे. मी मान खाली घातली, माईक पुढे गेला. पण मनात म्हटलं, मला नाही हो यांनी डोंगर दाखवला. मी डोंगराच्या पायथ्याशीच जन्मले. उलट एक गोष्ट मीच यांना दाखवत होते, ती यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही.

ती आता या वहीत लिहिते. वाचणारं कुणी नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

ठाण्याच्या कचेरीत तुम्ही हेडक्लार्क होतात आणि मी चहा-पाण्याची मावशी. सगळे मला मावशी म्हणायचे, तुम्ही एकट्याच मला नावाने हाक मारायचात. त्या दिवशी लिफ्ट बंद पडलेली. पाचव्या मजल्यावर मीटिंग, चौदा कप चहा. मी ट्रे घेऊन जिन्याने वर आले, कप ठेवले, निघाले. तुम्ही मीटिंग सोडून माझ्यामागे बाहेर आलात.

"कमल, तुला दम नाही लागला?"

"नाही मॅडम."

"आणि बशीत एक थेंब सांडलेला नाही."

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. मी म्हटलं, "पुसून आणू का परत?"

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की साहेबांनी दार उघडून बघितलं. "अगं, पुसायचं काय त्यात! येत्या रविवारी काय करतेस?"

"रविवारी धुणं असतं मॅडम."

"धुणं सोमवारी कर. आणि मॅडम नको, ताई म्हण."

असं मला आमंत्रण मिळालं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांचं तुमचं मंडळ, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुठल्यातरी गडावर जायचं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या बायका. कुणी बँकेत, कुणी शाळेत, आणि कोलशेतची पद्मा औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. विठ्ठलवाडीच्या चाळीतून येणारी मी एकटीच.

पहिला ट्रेक माहुलीचा. मी साडी खोचून आलेले, पायात प्लास्टिकच्या चपला. आसनगावला उतरल्यावर तुमचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "चपला घालून माझ्या ट्रेकला यायचं नाही हं, कमल! पाय मोडून घ्यायचाय का?" त्या दिवशी मी चपलांतच चढले आणि चपलांतच उतरले. पुढच्या महिन्यात तुम्ही माझ्यासाठी बूट आणलेत, करड्या रंगाचे. ते घालून मी आयुष्यात पहिल्यांदा डोंगरावर पडले. तुम्ही मला हात दिलात आणि म्हणालात, "असू दे, नवीन माणसाचं सुरुवातीला असं होतंच."

पद्मा मागून म्हणाली, "ताई, ती नवीन नाहीये. बूट नवीन आहेत."

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. पण तुम्हाला ते विनोद म्हणूनच ऐकू आलं.

बूट चांगले होते, हे मी कबूल करते. ठेच लागत नाही, बोटं फुटत नाहीत. पंधरा दिवसांत माझा पाय त्यांत बसला आणि मग मी ते सोडले नाहीत. तुम्ही दिलेल्या कितीतरी गोष्टी अशाच होत्या, मी त्या घेतल्या आणि माझ्या झाल्या. त्यातली सगळ्यात मोठी सांगते. माहुलीवर पोचल्यावर मी पदराने तोंड पुसलं आणि लगेच वळले. तुम्ही विचारलंत, "कुठे चाललीस?"

"खाली."

"अगं आत्ता तर आलो. बस."

"बसून काय करायचं?"

"काही नाही करायचं. बघायचं."

मी बसले. समोर तानसा तलावाचं पाणी उन्हात पसरलेलं. मी इतक्या वेळा डोंगर चढले होते, पण वर बसून खाली कधी बघितलं नव्हतं. आमच्यात वर पोचलं की ओझं उतरवायचं आणि खाली जायचं. हे बघणं मला तुमच्यामुळे मिळालं. त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी भांडणाच्या मध्येच लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला असं वाटायला नको की कमल उपकार विसरली.

आता भांडण.

मंडळाची ती मोठी निळी वही तुम्ही सुरू केलीत. प्रत्येकीचं नाव, किती गड झाले, सगळ्यात अवघड कुठला, आणि शेवटी श्रेणी. अ, ब किंवा क. एक गड कितीदाही चढला तरी एकदाच धरायचा. दहा गडांना ब, पंचवीसला अ. 'क' असलेल्या बाईने चढताना पुढे जायचं नाही, शेवटी राहायचं नाही, दोन 'अ'च्या मधे चालायचं आणि अवघड गडाला यायचंच नाही. मला दर महिन्याला जमायचं नाही. कधी नातू आजारी, कधी घरी पाहुणे. नऊ वर्षांत माझे आठ गड झाले. मी 'क'. नऊ वर्षं मी दोन 'अ'च्या मधून चालले आणि माझ्या पुढची 'अ' घसाऱ्यावरचे सुटे दगड खाली सोडायची ते चुकवत राहिले.

याचंही मला काही वाटत नव्हतं. वही तुमची, नियम तुमचे. मधे चालायला मला बरंच होतं, कुणाचं लक्ष जात नाही. वाईट वाटलं ते त्या तक्त्याच्या दिवशी.

शिल्पाला फोनवर कुठेतरी ते मिळालं होतं, 'तुम्ही खरोखर किती अनुभवी आहात?' म्हणून प्रश्नांची यादी. प्रत्येक प्रश्नाला मार्क. तुम्हाला ते फार आवडलं. तुम्ही त्याचा मराठी तक्ता केलात, चाळीस मार्कांचा, आणि एका रविवारी दुपारी आम्हाला घरी बोलावलंत. तुम्ही, शिल्पा, पद्मा आणि मी, तुमच्या जेवणाच्या टेबलाभोवती. मी हळू वाचते म्हणून माझा तक्ता शिल्पा वाचत होती.

"नकाशा वाचता येतो का? हो असेल तर दोन मार्क्स."

"नाही."

"कंपास वापरता येतो?"

पद्मा म्हणाली, "तिच्या नातवाला येतो. चौकोनी डब्यात असतो त्याचा."

"पद्मा, सिरियसली घे ना गं. तंबूत किती रात्री काढल्यात?"

"एकपण नाही."

"बूट वापरता का? हां, ते वापरता. दोन मार्क्स." शिल्पाला माझ्यासाठी बरं वाटलं. "पाठीवर जास्तीत जास्त किती वजन घेऊन चढलात?"

"पाठीवर कधी नाही घेतलं."

तिने शून्य लिहिलं. पद्माने माझ्याकडे बघितलं. "मग कुठे घेतलंस?"

"डोक्यावर," मी म्हटलं.

तेव्हा मी पहिल्यांदा बर्फाचं सांगितलं. कचेरीत, मंडळात, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून कशाला सांगेन. मलंगगडाच्या पायथ्याच्या वाडीत आमचं घर. गडाच्या पायऱ्यांवर वरपर्यंत दुकानं, सरबताची, सोड्याची. त्यांना बर्फ लागायचा. उन्हाळ्यात पहाटे कल्याणहून टेम्पो यायचा, बर्फाच्या लाद्या उतरवायचा. सळईने लादीचे तुकडे करायचे, भुसा लावायचा, गोणपाटात आवळून बांधायचं आणि डोक्यावर चुंबळ ठेवून वर न्यायचं. मी अकरा वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत नेलं. आधी पाव लादी, मग अर्धी.

शिल्पा म्हणाली, "बापरे. मग वितळायचा नाही?"

"वितळायचाच. वर किती पोचतो त्यावरच माणूस कळायचं."

तेच तर मला सांगायचं होतं. आमच्या वाडीत कुणी किती वेळा चढलं हे विचारायचं नाही. कोण किती लवकर पोचलं तेही नाही. पोरं धावत जायची, त्यांचं गोणपाट हिसक्यांनी सुटायचं, वारा आत शिरायचा, वर पोचेपर्यंत निम्मा बर्फ पाठीवरून वाहून गेलेला. काही बायका वळणावळणावर बसायच्या. माझी आई सगळ्यांत सावकाश चालायची आणि तिचा बर्फ सगळ्यांत जास्त पोचायचा, कारण ती थांबतच नव्हती. ती म्हणायची, "आपण बसलो तरी बर्फ बसत न्हाई." दम लागला की सावलीत उभं राहून चार श्वास घ्यायचे आणि निघायचं. मान हलू द्यायची नाही. पायाकडे बघायचं नाही, बघितलं तर मान वाकते आणि ओझं पुढे सरकतं. नजर चार पायऱ्या पुढे, पाऊल आपोआप पडलं पाहिजे. वर दुकानदार गोणपाट सोडायच्या आधी आई त्यावर तळहात ठेवायची आणि सांगायची, "आज चांगली चाललीस," किंवा, "आज कुठं लक्ष होतं गं तुझं?" ती हाताने ओळखायची. एवढंच आमचं माप.

मी इतकं बोलले याचं मलाच नवल वाटलं. शिल्पाने पेन हातात धरलं होतं. "मग ताई, हे कुठे लिहू? याला कॉलमच नाहीये."

तुम्ही म्हणालात, "लिहू नकोस."

"का?" पद्माने विचारलं. "पाच-सहा वर्षं रोज चढलीय ती. डोक्यावर बर्फ घेऊन. आपल्यातली एकतरी चढेल का?"

"ते काम होतं, पद्मा." तुमचा आवाज चढला. "अकरा वर्षांच्या पोरीची शाळा सोडवून तिला बर्फ वाहायला लावलं, त्याचे मी मार्क देऊ? उद्या कुणी म्हणेल, बघा, लहानपणापासून किती छान सराव! माणूस आपल्या मर्जीने चढतं तेव्हा तो ट्रेक. मर्जी नसेल तर ती हमाली. ती मोजायची नाही. ती विसरायची." आणि मग माझ्याकडे वळून मऊ आवाजात, "तुला राग नाही ना आला, कमल?"

"नाही ताई," मी म्हटलं.

आला होता. चाळीसपैकी नऊ मार्क पडले माझे. मी उठून कप गोळा केले आणि तुमच्या मोरीत जाऊन धुतले. तुम्ही "अगं राहू दे, राहू दे" म्हणत होतात. मला नळाचा आवाज हवा होता.

आता सांगते त्या दिवशी काय म्हणायचं होतं.

माझ्यासाठी तुम्हाला राग आला, हे मला कळलं. माझी शाळा चौथीत सुटली याबद्दल त्याआधी कुणीही रागावलेलं मला आठवत नाही. माझे आईबापही नाहीत, त्यांना ते पाऊसपाण्यासारखं वाटलं. तुमचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. पण ताई, ती वर्षं गेली ती गेलीच. शाळा गेली, खेळणं गेलं. त्या सगळ्यातून माझ्या हाती एकच वस्तू उरली, ती म्हणजे माझं चालणं. जे गेलं ते दुसऱ्यांनी नेलं. जे उरलं होतं ते तुम्ही मोजायचं नाही म्हणालात. माझ्या बाजूने भांडता भांडता तुम्ही माझंच काढून घेतलंत.

आणि मर्जीचं म्हणाल, तर तुम्ही मला विचारलंत का? कधी ना कधी विचारायला हवं होतंत. मी सांगितलं असतं की काही सकाळी मला जायचंच असायचं. वैशाखात पहाटेचा वारा गार असतो, पायऱ्या कोरड्या, पाठीवर बर्फाच्या पाण्याची एक बारीक धार. आईला मागे टाकून मी एकटी पुढे जायचे. त्या वेळी डोंगरावर माझ्याइतकं नीट कुणी चालत नाहीये हे मला पक्कं माहीत असायचं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला, जिला घरात-वाडीत कुणी विचारत नव्हतं, तिला एवढी एक गोष्ट माहीत होती. ती हमाली होती, हो. पण त्या हमालीत मी होते. ओझं वाहणाऱ्या माणसाला काही आवडत नसणार, असं तुम्ही धरून चाललात. ही तुमची चूक. तुम्ही फार चांगल्या होतात म्हणून ही चूक केलीत. कमी चांगली बाई असती तर तिने सहा वर्षांचे सहा मार्क देऊन टाकले असते.

तुमच्या चाळीस मार्कांत एकही प्रश्न असा नव्हता की, वर पोचल्यावर काय शिल्लक राहिलं?

मग तुमचं दुखणं निघालं आणि सगळं फार भराभर झालं. दवाखान्यात चार ते सहा भेटायची वेळ. मी कचेरीतून सुटून थेट यायचे. तुम्ही इतक्या बारीक झाला होतात की चादरीखाली तुम्ही आहात की नाही कळायचं नाही, पण बोलणं तेच. एकदा म्हणालात, "कमल, ते बर्फाचं परत सांग. सगळं सांग, त्या दिवशी मी मधेच तोडलं तुला."

मी सांगितलं. टेम्पो, सळई, भुसा, चुंबळ. आईचा तळहात. पहाटेचा वारासुद्धा सांगितला, जो आत्ता वर लिहिला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं झोपलात. मी हात सोडवायला लागले तर तुम्ही घट्ट धरलात.

"छान सांगितलंस," तुम्ही म्हणालात. मग थोडा वेळ श्वास घेतलात. "तरीही नाही."

"काय नाही?"

"वहीत नाही धरणार मी ते."

ताई, मला हसूच आलं. तुम्हीही डोळे न उघडता हसलात. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघायला लागली. तुमचं माझं ते शेवटचं नीट बोलणं. नंतर तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेलात.

गेल्या रविवारी मंडळ तुमच्या आठवणीत चंदेरीला गेलं. तुमचा आवडता गड. शिल्पा आता मंडळ बघते. तिने यादी ग्रुपवर टाकली, तेरा नावं, सगळ्या अ आणि ब. आणि एक अनघा. तुमची मुलगी, पुण्याहून आली होती, जन्मात पहिल्यांदा गड चढणार होती. तिला नियम लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही आणि यायलाही नको होतं. माझं नाव नव्हतं. चंदेरीची घळ अवघड, सगळा घसारा, 'क'ला बंदी.

मी गेले. वांगणीला सगळ्या जमलेल्या, मी पिशवी घेऊन जाऊन उभी राहिले. शिल्पा बाजूला घेऊन म्हणाली, "कमलताई, अहो, लिस्टमध्ये नाहीये तुमचं नाव. प्लीज राग मानू नका. मंदाताईंचाच रूल आहे, मी कसा मोडू? आजच्या दिवशी तरी?"

"नको मोडूस," मी म्हटलं. "मी तुमच्याबरोबर नाही आलेय."

"मग?"

"मी माझी आलेय. डोंगरावर."

पद्मा म्हणाली, "चला, आता डोंगराला वॉचमन ठेवा एक. पास बघून सोडेल."

इतकं तोंड वर करून मी कुणाशी बोलले नव्हते. आणि खरंच मी त्यांच्यामागून वीस पावलं सोडून चालले. त्या थांबल्या की मी थांबायचे. पद्मा अर्ध्या वाटेवर थांबून माझ्याबरोबर आली. म्हणाली, "मी पण यादीतून बाहेर आले बाई. तिकडे सगळ्या रडत रडत चढतायत, ना धड रडणं होतंय ना चढणं."

घळीत कुणी पडलं नाही. हे मुद्दाम लिहिते. कुणाचा पाय मुरगळला आणि मग कमलने येऊन सावरलं, असं काही झालं नाही. व्हावं असंही मला वाटलं नाही. त्या चांगल्या चालल्या, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. मी माझी चालले, नजर चार पावलं पुढे. सरकत्या दगडावर पाय ठेवला की तो कुठवर सरकणार ते आधीच कळतं, तेवढं सरकू द्यायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं. खिंडीत पोचले तर तिथून मलंगगडाचे सुळके दिसले. मी बसले आणि बघितलं. त्याच्यावर माझं बालपण गेलं, पण लांबून इतका मोठा तो मला कधी दिसला नव्हता.

गडावरच्या गुहेत सगळ्या तुमच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. शिल्पानेच बाहेर येऊन मला आत नेलं. बुद्धविहारात मिटते तसे डोळे मिटून मी उभी होते, पण डोक्यात तुमचं 'तरीही नाही' चाललं होतं.

उतरताना अनघा घाबरली. चढताना माणूस डोंगराकडे तोंड करून असतं, उतरताना समोर सगळं मोकळं दिसतं, तसं झालं. ती बसून सरकायला लागली आणि बाकीच्या पुढे गेल्या. मी तिच्या खालच्या अंगाला आले आणि म्हटलं, "माझ्या पावलावर पाऊल टाका. पाय आडवा." थोडं उतरल्यावर तिला बोलावंसं वाटायला लागलं.

"तुम्ही खूप वर्षं ट्रेक करता का हो?"

इतकी वर्षं याला माझं एकच उत्तर होतं, 'नाही हो, मी नवीनच.' त्या दिवशी म्हटलं, "अकराव्या वर्षापासून." मग बर्फाचं सांगितलं, थोडक्यात.

"आईला माहीत होतं हे?"

"होतं. वहीत धरा म्हटलं तर तयार नव्हत्या. दवाखान्यात सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तरीही नाही."

अनघा तिथेच खाली बसली. आधी मला वाटलं चक्कर आली, पण ती हसत होती. "तरीही नाही! अगदी हेच. माझ्या लग्नाच्या वेळी तासभर माझं सगळं ऐकलं तिने. सगळं. मग म्हणाली, तरीही नाही."

"मग?"

"मग काय, केलं मी लग्न. आली ती, पोटभर जेवली, त्याच्या आईशी गप्पा मारल्या, दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला चिरोटे पाठवले. पण हो म्हणाली नाही कधी. पंधरा वर्षं." आणि मग हसता हसता ती रडायला लागली. मी तिच्या खालच्या बाजूला पाय रोवून उभी राहिले, म्हणजे तिला हवं तेवढं रडता येईल, सरकायची भीती नको.

काल शिल्पाचा मेसेज आला. तिचं मन वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. लिहिलं होतं, 'कमलताई, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. मंदाताईंच्या स्मरणार्थ तुम्हाला स्पेशल केस म्हणून ब ग्रेड देतोय, मलंगगड धरून. अभिनंदन!' खाली हात जोडलेले आणि फुलं.

मी ते चार वेळा वाचलं. त्या तक्त्याच्या दिवसापासून जे हवं होतं ते हेच. आणि मला ते अजिबात नको झालं. त्यांनी ते तुमच्या नावाने दिलं होतं, आणि तुम्ही नाही म्हणाला होतात. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत तुमचं नाही खोडून तुमच्याच वहीत हो लिहायचं? मग तुम्ही होतात कशाला, आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात इतकी वर्षं भांडले कशाला? मला तुमच्याकडून हो हवं होतं. तुमच्या तोंडून, तुमच्या मर्जीने. तुम्हालाच मर्जीचं एवढं होतं ना.

अर्धा तास लागला, पण उत्तर मी स्वतः लिहिलं, नातवाला विचारलं नाही. 'शिल्पा, आभार. ब नको. हे माझं आणि ताईंचं आहे, मंडळाचं नाही. पुढच्या वेळी यादीत नाव नसलं तरी येईन. मागून चालेन.' ग्रुपवरचा माझा पहिला मेसेज. पद्माने लगेच टाळ्या पाठवल्या.

तर ताई, तुमच्या हातचं ते अक्षर तिथेच राहू दे. तुम्ही आणखी दहा वर्षं जगला असतात तरी ते बदललं नसतंत, आणि मी आणखी दहा वर्षं माझं म्हणणं सोडलं नसतं. आता तुमच्या बाजूने बोलायला तुम्ही नाही, म्हणून मी काही माझी बाजू सैल करणार नाही. तो तुमचा अपमान होईल.

मी 'क' आहे. आणि मी बरोबर आहे.